मिथेनला अमोनियाचा आकडा

३ मार्च २०२५, धुळे
आज माझ्या वर्गातल्या अखिलचं जर्नल फेकलं! प्रॅक्टिकल सोपं — आर्गॉनच्या नळीत इलेक्ट्रॉन सोडायचे, व्होल्टेज वाढवत न्यायचं. सोळाच्या आसपास पोचेपर्यंत काटा ढिम्म. मग एकदम उडी — धडकेनं अणूतला इलेक्ट्रॉन सुटला! त्याआधी हजार धडका दिल्या तरी नाही. या पठ्ठ्यानं गेल्या वर्षीच्या जर्नलवरून सगळं उतरवलेलं, तारखेसकट. मग मी वर्गासमोर दहा मिनिटं प्रामाणिकपणावर बोलले. फार छान बोलले. माझं मलाच भरून आलं.

५ मार्च
प्रबंधाची प्रत लॅबमध्ये मिरवली. आठ वर्षं लागली, मिरवू नको? वीस तारखेला जळगावला व्हायवा. पीएच.डी. मिळाली की ही तासिकेवरची नोकरी कायम करू, असं प्राचार्य म्हणालेत.

लोटनभाऊ आमचे लॅब अटेंडंट, तीस वर्षं तो काटा बघताहेत. त्यांना समजावलं — माझा विषय गोबरगॅसमधला मिथेन, त्यातला इलेक्ट्रॉन उडवायला साडेबारा व्होल्टचा धक्का लागतो. त्यांनी माझ्या आलेखावर बोट ठेवलं. "मंग मॅडम, तुमनी रेघ दहालेच कशी उठनी?"

मी हसले. मग नीट बघितलं. मग हसले नाही.

६ मार्च
सापडलं. भाविकाताई माझी सीनियर, तीन वर्षांपूर्वी डॉक्टर झाली. तिचं काम अमोनिया आणि पाणी या रेणूंवर. तिनं मोठ्या मनानं तिचा कॉम्प्युटर प्रोग्राम मला दिला. मी त्यात मिथेनची सगळी माहिती भरली — फक्त किमान ऊर्जेच्या जागी अमोनियाचा दहाच राहिला! म्हणजे अखिल आणि मी एकाच बाकावरचे. त्यानं निदान एकच प्रयोग उतरवला. माझी तीन प्रकरणं गेली.

८ मार्च, जळगाव
गाइड लीलाधर सर म्हणाले, "तेवढा खालचा भाग कोण बघतो? आलेख वीसपासून काढ आणि गप्प बस." मी जवळजवळ हो म्हटलं होतं. भीती वाटते. अडतिसावं चालू आहे, अजून तासिकेवर. पण अखिलला जर्नल परत करताना काय तोंड दाखवू?

१० मार्च
विद्यापीठात अर्ज दिला! प्रबंध दुरुस्तीसाठी परत मागितला. ताईला बोल लागू नये म्हणून स्पष्ट लिहिलं — डॉ. भाविका चौधरी यांचे काम निर्दोष आहे, त्यांच्या प्रोग्राममधला आकडा बदलायला मीच विसरले. आवक क्रमांक पडला. काय हलकं वाटलं! स्टँडवर स्वतःलाच उसाचा रस पाजला. दोन ग्लास.

११ मार्च
ताईचा फोन. सरांकडून कळलं होतं. अर्जातली तिच्या नावाची ओळ मला वाचून दाखवायला लावली. मग म्हणाली, "अगं, पाण्याच्या वेळी मी तरी कुठं बदलला होता तो आकडा?"

पाण्यालाही साडेबाराच लागतात. अर्जात तिचं नाव मी ठळक अक्षरांत लिहिलंय.