वाढत्या अंगाची सायकल

हाटकेश, मिरा रोड
९ फेब्रुवारी, सोमवार

चि. दिपेश यास आशीर्वाद.

आधी कोण आलं, तर नीरजची आई. लिफ्ट बंद, तरी हातात खरवसाचा डबा घेऊन चार जिने चढली. धापा टाकत म्हणाली, "मुलगी बघायला आले आणि दार तिच्या सासूनेच उघडलं, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं." मला हसू आवरेना. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. अक्षर समजून घे.

होय, नीरज आणि त्याची आई आपल्या सुचेताला बघायला आले होते काल. सोडचिठ्ठीवर सही करून तू मोकळा झालास, मग तिने का बसून राहायचं? कांदेपोहे मीच केले. छान झाले होते, खोबरं जरा कमी पडलं.

नीरज मागून येतो म्हणाला तो येईचना. खाली गेले तर हा मिनलच्या सायकलपाशी वाकलेला. तू वाढदिवसाला पाठवलीस ती. फ्रॉक घेतात तशी वाढत्या अंगाची घेतलीस ना? बूट मोठा झाला तर पुढे कापूस कोंबता येतो, हँडलला काय कोंबायचं? पोर ओणवी होऊन कशीबशी धरते. हात ताठ. वळायला गेली की बाहेरचा हात पुरतच नाही, सुटतो. तशीच भिंतीवर गेली, हनुवटीला टाके पडले. तुला कळवलं होतं मोबाईलवर. तू नुसता अंगठा पाठवलास.

बदलून आणू म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, पप्पा येतील तोवर मी तेवढी होईन.

नीरजने तिला वर बसवून कोपरं बघितली. कोपर थोडं वाकलेलं असलं तरच हँडल ताब्यात राहतं म्हणाला. सीट पुढे सरकवली, तरी लांबच. मग हँडल जिच्यावर बसतं ती दांडी आखूड आणून लावतो म्हणाला. मिनलने सायकलच मागे ओढली. "माझ्या पप्पांची आहे."

"पप्पांचीच राहू दे," तो म्हणाला. "फक्त हँडल तुझ्याजवळ आणू."

दिपेश, मी तिथेच पायरीवर बसले. तिची उंची मोजून तुला कळवणार होते, पुढच्या वेळी तरी मापाचं पाठवशील म्हणून. आता नाही कळवत.

सुचेता अजून काही बोलली नाही, पण निळी साडी इस्त्रीला दिलीय. दांडी घेऊन येत्या रविवारी परत येतो म्हणालेत.

मिनलची आजी