लवंगेचं तेल आणि बेचक्यातली खाज

३ जून, शुगर लँड
आजही ग्लोव्हज घालूनच कणीक मळली. हॉटेलवाले काका म्हणाले, "काय रे, सर्जन झालास का?" हसलो. बोटांच्या बेचक्यात खाज थांबतच नाही. त्यांची नात मांडीवर येऊन बसली. "व्हाय आर यू स्क्रॅचिंग?" म्हटलं, मच्छर. "शो मी!" हात खिशात घातला.

४ जून
रूमवर सुमेधला दाखवलं. नागपूरचा, पीएचडी करतो. झाडांच्या तेलांनी कातडीतले किडे मरतात का, हेच बघतो लॅबमध्ये. म्हणाला, "खरूज आहे." म्हटलं, ॲलर्जी म्हण ना यार.
लवंगेच्या तेलाने लॅबमधल्या काचेच्या बशीतले किडे मरतात, म्हणाला.
"मग मला लाव की."
"बशीला कातडी नसते, येड्या. माणसांवर अजून नीट बघायचंय. डॉक्टरकडे चल."
नको. काकांना कळलं तर कणकेचं काम गेलंच...

६ जून
इंडियन स्टोअरमधून लवंगेचं तेल आणलं. काही न मिसळता चोळलं. आग आग. नळाखाली हात धरून बसलो. सु. ओरडला नाही, तेच जास्त लागलं.

७ जून
हात सोललेत. खाजतंय की जळतंय, मलाच कळेना. सु. क्लिनिकला घेऊन गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मलम मानेपासून तळपायापर्यंत. आणि ज्यांच्या अंगाला अंग लागतं त्या सगळ्यांनी एकाच वेळी, नाहीतर परत येतं.
आमचा टॉवेल एकच. सु.लाही लावावं लागलं. हसत होता, "रोज मी ह्यांना बघायला जातो, आता हेच आले भेटायला."
मग म्हणाला, "आणि काकांची नात?"

८ जून
दूर दुसऱ्या राज्यातून, शॉमबर्गच्या मित्राचा फोन. तिकडे किचनला माणूस पाहिजे. कपडे भरले. गाव सोडल्यापासून एका जागी टिकलोच नाही, आता इथूनही...
पण पोरगी खाजवत बसेल. कुणाला कळणारही नाही कशाने.
तिकीट काढलं नाही अजून.

९ जून
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. काकांसमोरच त्यांच्या बायकोला, काकूंना सांगितलं. खरूज हाच शब्द वापरला. काका परातीकडे बघत राहिले. काकूंनी नातीला खिडकीशी नेलं, तिची बोटं फाकवून उजेडात बघितली. काही दिसलं का, चेहऱ्यावरून कळलं नाही. मलमाचं नाव विचारलं. "तिच्या डॉक्टरला फोन करते."
मग मला, "तू आता घरी जा."
उद्या ये की नको ये, काहीच नाही. मीही विचारलं नाही.
अलार्म कामाच्या वेळेचाच लावलाय.