झाडावरचा मांजा

लोणावळा, शनिवार

प्रिय रेणुका,

तुझ्या सोसायटीच्या फाटकावरून हल्ली मी मान खाली घालून जाते. चूक आपली नसताना मान का खाली जाते, हे रोज डायरीत स्वतःलाच विचारते.

याह्याचं पतंगांचं दुकान संक्रांतीपासून बंद आहे. माझा हा धाकटा भाऊ शाळकरी होता तेव्हापासून तू त्याला पाहिलं आहेस. आपल्याकडच्या ओलीनं काड्या वाकू नयेत म्हणून तो पतंग पुठ्ठ्यांत दाबून माळ्यावर ठेवतो. विजेच्या तारांजवळ उडवणाऱ्याला दुसऱ्यांदा पतंग देत नाही. नायलॉनचा मांजा त्यानं कधी दुकानात येऊ दिला नाही. पोरं चिडवायची, "चाचा, तुमच्या दोऱ्यानं फक्त गोधडी शिवायची." तो म्हणायचा, "शिवा की. गळा शिवण्यापरीस बरं."

यंदा संक्रांतीच्या संध्याकाळी तुमच्या उतारावर दूधवाल्या श्रीपतीचा गळा नायलॉनच्या मांजानं कापला. जीव वाचला, आवाज अजून फुटत नाही. दुसऱ्या दिवशी, करीला, दरवर्षीसारखा तुझाच फोन आला, "याह्या, झाडांवरचा मांजा काढून ने रे, पाखरं अडकतात." त्यानं आकडीच्या बांबूनं दुपारभर मांजा काढला. नायलॉन जाळता येत नाही, म्हणून सकाळच्या कचरागाडीत द्यायला पोतं दुकानात ठेवलं. पोलीस त्याच संध्याकाळी आले. पोत्यातला मांजा झाडावरचा आहे म्हणाला, तर हवालदार हसला, "झाडाला मांजा लागतो व्हय रे?" अख्खा बाजार हसला. तू सोसायटीची सेक्रेटरी, म्हणून तुला विचारलं. तू म्हणालीस, "ओळखते त्याला. पण मी बोलावलं नव्हतं."

तू असं का म्हणालीस, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या दिवशी तुझ्या पवनच्या बोटांना पट्ट्या होत्या. त्यावरून मी काही ठरवणार नाही. बोट कशानंही कापतं. मला मुलगा असता तर मी काय केलं असतं, हेही विचारून पाहिलं. कदाचित गप्प बसले असते. पण दुसऱ्याच्या भावाला पुढे केलं असतं का? नाही, असं छातीठोक लिहावंसं वाटतं, आणि लिहवत नाही. तरी तुझा राग येतोच.

नायलॉनचा मांजा विकल्याच्या त्याच्यावरच्या खटल्याची परवा सोमवारी कोर्टात तारीख आहे. वकिलांच्या सांगण्यावरून मी याह्याच्या फोनची नोंद काढून आणली आहे, करीच्या सकाळचा तुझा फोन त्यात आहे. याह्या ती द्यायला तयार नाही. "रेणुकाताईंच्या घरी पोलीस नकोत, आपा," म्हणतो. त्याला न सांगता मी ती नोंद वकिलांना देणार आहे, आणि त्यानंतर तो माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही. तुझ्या घरी पोलीस येतील, ते माझ्यामुळे, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. सोमवारच्या आधी तू स्वतः जाऊन खरं सांगितलंस, तर मला काहीच द्यावं लागणार नाही. तू जाशील असं मला वाटत नाही. एवढं तरी खोटं ठरव.

अजून तरी तुझीच,
शहिस्ता