गायरानावरचा नारळ

मंगळवार, संध्याकाळ. शनिवार पेठ

नारळ अजून टेबलावरच आहे. फोडायला हात धजत नाही.

सकाळी ऑफिसात धायरीकडच्या एका गायरानाची जुनी फाइल मराठीत उतरवत होतो. त्यात इंग्रज साहेबाचं पत्र. ‘ही माणसं लेकरांसारखी आहेत. स्वतःचं हित त्यांना कळत नाही, म्हणून जमीन आम्ही ताब्यात घेतली. गावाने नारळ देऊन आभार मानले.’ मी मोठ्याने हसलो. काय निर्लज्ज माणूस!

दुपारी त्याच गायरानावर सभा. आता तिथे आमच्या खात्याचा प्रकल्प येतोय. माजी सरपंचांनी मला नारळ दिला. आलेला माणूस नकोसा असला तरी गाव नारळ देतंच, हे मला ठाऊक आहे. मग मी माइकवर म्हणालो, “हे सगळं तुमच्याच भल्यासाठी आहे.” लेकराला समजवावं तसा आवाज होता का माझा? होता.

मागून एक म्हातारी उठली. “भलं आमचं हाय, तर आमाला आधी इचारलं का न्हाई?”

मी हसलो आणि पुढचा मुद्दा घेतला.

आत्ता अहवाल लिहून झाला. ‘ग्रामस्थांनी नारळ देऊन स्वागत केले.’ म्हातारीचा प्रश्न त्यात नाही.

साहेबाच्या पत्रातही कुणाचा प्रश्न नव्हता.