खडू खाणाऱ्या मुली

१७ फेब्रुवारी, सकाळी दहा

प्रिय बुटके,

खूप खूप आशीर्वाद. तू साठीला टेकलीस, मी त्रेसष्टची झाले, तरी आशीर्वाद द्यायचा मान माझाच. माझं बरं चाललं आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांना भाव देत नाही.

तुझं पत्र येऊन महिना झाला. "ताई, पुरे झालं एकटीनं राहणं. हे गेल्यापासून घर खायला उठतं. मागची खोली रंगवून घेतली आहे. पलंग खिडकीशी लावू की भिंतीशी, तेवढं कळव." एवढंच लिहिलं होतंस. मी ते इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटायला आला आहे. संध्याकाळी दिवा लावला की मी मनानं त्या खोलीत जाऊन बसते. पलीकडे तुझं शिवणयंत्र चालू असतं, मध्येच थांबतं, आणि तू दोऱ्याला शिव्या देतेस.

आणि तरी मी उत्तर दिलं नाही. का दिलं नाही ते सांगते, पण मला जरा वळशानं यावं लागेल. आधी इकडची हकीकत ऐक.

मी आता आठवड्यातून दोन दिवस आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाईंबरोबर वस्त्यांमधून फिरते. त्या बोटाला सुई टोचून रक्त तपासतात, आणि रक्त कशानं वाढतं ते मी बायकांना सांगते. पिशवीत पालेभाजीची जुडी, वाटीभर डाळ, दोन उकडलेली अंडी, लिंबू आणि लोखंडी तवा. नर्सबाई म्हणतात, "तुम्ही शिकवायला निघालात की संसार मांडायला?"

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. गोळी विसरू नये म्हणून बायकांना सांगितलं, "सकाळच्या चहाबरोबरच घेत जा." नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. चहा लोह अंगी लागूच देत नाही म्हणे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहा तासाभरानं. मग मला सगळ्यांसमोर शब्द मागे घ्यावे लागले. बायका इतक्या हसल्या की त्या दिवसापासून मी त्यांच्यातलीच झाले.

सगळ्यात अवघड गोष्ट एकच. घरातल्या बाईनं सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं. शेवटी बसलं की भांड्याच्या तळाला पाणी तेवढं उरतं. एक सासूबाई माझ्यावर उखडल्याच.

"घरात अंडं एक. ते सुनेला दिलं तर मुलानं काय खायचं?"

"अर्धं अर्धं करा, आजी."

"आणि माझं काय?"

"सुरी तुमच्या हातात देते. तीन तुकडे करा."

"बघ गं," ती सुनेला म्हणाली, "ही बाई आता आपल्या घरात मला अंडं खायला लावणार!" पण पुढच्या खेपेला आली तेव्हा हळूच म्हणाली, तिसरा तुकडा लहान असतो, पण असतो.

हे मी हसत हसत लिहिते आहे. वस्तीतही मी हसत हसतच सांगते. मात्र 'घरात अंडं एक' हे शब्द कानावर पडले की मला तू दिसतेस. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली, बोटं भाजत असताना अंडं सोलणारी. मला परीक्षेचा अभ्यास होता, म्हणून अंडं माझं. सोलायचीस तू, खायचे मी. तू टरफलाला चिकटलेलं पांढरं नखानं काढून चाटायचीस. ते मला दिसत होतं, बुटके. दिसत नव्हतं असं मी आता म्हणणार नाही.

गेल्या महिन्यात, तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात, आम्ही एका शाळेत गेलो. मोठ्या मुलींची तपासणी होती. वर्गशिक्षिका एका मुलीला दंडाला धरून पुढे घेऊन आल्या.

"ही आमची खडूचोर. रोज दोन तरी खडू गायब. आज दप्तरात सापडले. विचारा हिला, काय करते त्यांचं!"

मुलगी बारा वर्षांची असेल. मान खाली, आणि ओठाच्या कोपऱ्यात पांढरी पूड. वर्ग खिदळत होता. नर्सबाईंनी काही विचारलं नाही. तिला खिडकीशी नेलं आणि तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली. आतून फटक पांढरी. मग बोटाला सुई टोचली. हिमोग्लोबिनचा आकडा आला सात. बारा तरी हवा होता.

"हिला चोर म्हणू नका," नर्सबाई शिक्षिकांना म्हणाल्या. "अंगात लोह कमी पडलं की काहींना माती खावीशी वाटते, खडू, बर्फ, वाटेल ते. आवरत नाही त्यांना. औषध सुरू झालं की बहुधा आपोआप थांबतं."

शिक्षिका बिचाऱ्या खालीच बसल्या. मी मात्र हातात तवा धरून तशीच उभी राहिले. माझी बोलायची पाळी होती. तेवढ्यात ती मुलगी माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, माझं नाव कुणी सांगितलं?"

आता मला वळसा घालता येणार नाही.

आपल्या शाळेतला खडूंचा डबा माझ्या ताब्यात असायचा, मी वर्गप्रमुख होते. मधल्या सुट्टीत तू रिकाम्या वर्गात यायचीस आणि खडू मोडून खायचीस. मी एकदा दाराच्या फटीतून पाहिलं. तू डोळे मिटून खात होतीस, लहान मूल साखर खातं तशी. मी तुला काही बोलले नाही. मग आपल्या मुख्याध्यापिका मदरनी मला बोलावून विचारलं, खडू जातात कुठे? नाव सांगितलं नसतं तर छातीवरचा बिल्ला गेला असता, आणि पुढच्या वर्षीची फीमाफीची जागाही. मदरच्या टेबलावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकत मी उभी होते. मी तुझं नाव सांगितलं. चौदा वर्षांची होते, असं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. त्यानं काही हलकं होत नाही.

बाबा म्हणाले, "चोरी करणारीला शिकवायचं कशाला?" आणि तुला आत्याच्या शिवणाच्या दुकानात बसवलं. अकरा वर्षांची होतीस. मी शिकत राहिले.

शाळेच्या फाटकावर बसणाऱ्या बाईनं चुगली केली, असं तू धरून चाललीस. त्या बाईशी पुन्हा कधी बोलली नाहीस. अगदी मागच्या वर्षीसुद्धा फोनवर म्हणालीस, "त्या भवानीनं माझी शाळा घालवली, नाहीतर मीही तुझ्यासारखी फाडफाड इंग्रजी बोलले असते!" आणि खळखळून हसलीस. मीही हसले. ती बाई कधीच वारली. तिची काही चूक नव्हती. मी तिला पन्नास वर्षं पुढे केलं.

म्हणून पलंग कुठे लावायचा ते मला लिहिता येईना. तुझ्या घरात, तुझ्या हातचं जेवत, हे पोटात ठेवून मला राहता आलं नसतं. आणि सांगितलं तर कदाचित खोलीच राहणार नाही. महिनाभर मी या दोहोंमध्ये अडकले होते.

गप्प राहायचा मोह फार झाला. पण गेल्या रविवारी फोनवर तू बोलता बोलता काहीतरी कुडुमकुडुम चावत होतीस. मी विचारलं, तर म्हणालीस, "बर्फ. हल्ली दिवसभर लागतो मला. आणि दोन जिने चढले की दम लागतो, वय झालं आता." ते वय नाही गं. निदान मला तसं वाटत नाही. हे पत्र मिळालं की दुसऱ्याच दिवशी सकाळी जाऊन रक्त तपासून घे. कमी निघालं तर नुसत्या गोळ्या आणून गप्प बसू नकोस. आपल्या वयात रक्त का घटलं, ते डॉक्टरांना शोधायला सांग. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू विचारलं असतंस, "तुला गं काय माहीत?" आणि खडूची गोष्ट टाळायला मी पुन्हा खोटं बोलले असते.

मी क्षमा मागत नाही. मागितली की तू लगेच देऊन टाकशील, तुझा स्वभावच तो. तू आधी रागव. भांडी आपट, मला शिव्या दे, वाटेल तितके दिवस बोलू नकोस. खोली दुसऱ्या कुणाला दिलीस तरी मी समजून घेईन. फक्त तपासणीचा कागद हाती आला की आकडा मला कळव. पत्रात बाकी एक अक्षर नसलं तरी चालेल. नुसता आकडा, तुझ्या हातानं लिहिलेला. तेवढ्यासाठी मी रोज पोस्टमनच्या वेळेला दारात असेन.

तू अजून म्हणू देशील तर तुझीच,
ताई