कॅमेऱ्याच्या झाकणाचे सहा स्क्रू

४ नोव्हेंबर, मंगळवार

महाद्वार रोडवरून चमकीच्या नेलपॉलिशच्या दोन बाटल्या आणल्या. दुकानदार विचारतो, "लग्न ठरलं काय ताई?" म्हटलं, "व्हय, सॅटेलाइटचं!" तो हसला. मी थट्टा करत नव्हते.

नीट लिहून ठेवते. बेंगळुरूच्या एका कंपनीचा उपग्रह आहे. त्याचा कॅमेरा ज्या पेटीत बसतो ती पेटी आमच्या शिरोलीच्या वर्कशॉपनं केली, म्हणून कॅमेरा बसवायचं कामही इथंच. हा उपग्रह उसाचे, धरणांचे फोटो काढून विकणार. पण उसावरून जाणारा डोळा सीमेवरूनही जातोच की! आणि तो उडणार परक्यांच्या रॉकेटमधून. आपल्या रॉकेटमध्ये जागा मिळायला दीड वर्ष, कंपनीला तेवढा दम नाही. म्हणजे आपली पेटी तीन आठवडे परक्यांच्या गोदामात. कुणी झाकण उघडून डोकावलं, आत काही चिकटवलं, तर आपल्याला कळणार कसं?

कंपनीच्या सुरक्षा अधिकारी प्रियदर्शनी मॅडमनी हाच प्रश्न केला. मी सुचवलं — स्क्रूच्या डोक्यावर चमकीचं पॉलिश लावायचं आणि वाळल्यावर अगदी जवळून फोटो घ्यायचा. स्क्रू फिरवला की पॉलिश फुटणार. पुन्हा लावलं तरी चमकीचे कण पहिल्यासारखे पडत नाहीत. फोटो शेजारी ठेवला की चोर सापडला!

मॅडम खूश. म्हणाल्या, "मग पेटीबरोबर तूच जायचं. उडेपर्यंत तिच्याजवळून हलायचं नाही."

मी! इन्स्पेक्शनची नुजहत मुजावर, जी बेळगावच्या पुढे कधी गेली नाही!

चमकीची मेख कुणालाही सांगायची नाही. मालकांनाही नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

गुंडू मिस्त्रींना सांगावं असं फार वाटलं. मायक्रोमीटर कसा धरायचा हे अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच शिकवलं. तीस तारखेला रिटायर होतायत. तरी नाही सांगितलं. बाटली बघून म्हणाले, "पोरी, स्क्रूवर खूण करायला आपला ऑइलपेंट काय वाईट हुता?" वाटू दे त्यांना नुसती खूण.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रॉकेटवाल्यांचा माणूस येऊन गेला. उंच, घामाघूम आणि फार गोड हसणारा. फार गोड हसणारं माणूस मला आवडत नाही. म्हणे पेटी रॉकेटमध्ये कशी बसते ते बघायचंय. सगळी मापं कागदावर दिली आहेत, मग बघायचं काय? मी त्याला कॅमेऱ्याच्या खोलीच्या काचेबाहेर उभा केला. आमचे मालक सम्राट सर कानात म्हणाले, "मुजावर, पावणं हायत ते. जरा सबुरीनं."

सरांनी त्याला तांबडा-पांढरा रस्सा खिलवला. तो नेमका गुंडू मिस्त्रींशेजारी बसला. यांना इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही, तरी अर्धा तास हातवारे करत दोघांचं चाललेलं! नंतर विचारलं तर मिस्त्री म्हणाले, "त्येचा बा बी लेथ मशिनीवर हुता म्हणं."

हे हातवाऱ्यांनी कळतं?

८ नोव्हेंबर, शनिवार

कॅमेरा बसला. मी आणि मिस्त्री, दोघंच आत. त्या खोलीला दोनच किल्ल्या — एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. नियमाप्रमाणे झाकण लावण्याआधी आतले अकरा फोटो. मग झाकण, सहा स्क्रू, पॉलिश, आणि स्क्रूंचे फोटो. हे शेवटचे मी मिस्त्री हात धुवायला गेल्यावर काढले.

इतकं मोठं काम माझ्या हातून पहिल्यांदाच होतंय.

९ नोव्हेंबर, रविवार

दूध पातळ आहे म्हणून दूधवाल्याशी भांडले. अम्मी म्हणाली, "तुझ्याशी लग्न करणाऱ्याला रोज संध्याकाळी जबाब द्यावा लागणार." अब्बा पेपरामागे हसत होते. हसू देत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

स्क्रू वेगळे आहेत!

पेटी बेंगळुरूला निघण्याआधी सहज फोटो लावून बघितले. पहिला स्क्रू वेगळा. दुसराही. सहाच्या सहा! रंग तोच, बाटली माझ्याच ड्रॉवरमधली, पण नक्षी दुसरी. फोटो चार वेळा ताडून बघितले.

परदेश राहिला लांब. झाकण इथंच उघडलं गेलंय. किल्ल्या दोन. मी उघडलेलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज सकाळी चहाच्या टपरीवर मिस्त्रींना गाठलं.

"मिस्त्री, कॅमेऱ्याचं झाकण कुणी उघडलं?"

मला वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी कप खाली ठेवला. "म्या."

"का?"

"काम हुतं."

"कसलं काम? मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू लिवून ठेवलं असतंस."

उलट मलाच विचारतात, "तुला कळलं कसं गं?" — आणि चेहऱ्यावर कौतुक! माझ्या अंगाची लाही झाली. लिहून ठेवायला नको असं काय काम असतं? सोमवारी मी सम्राट सरांबरोबर कागदपत्रांसाठी बाहेर होते, तोच दिवस बरा साधला. आणि त्या घामाघूम माणसाशी झालेले हातवारे? कॅमेऱ्याची काच, तारांची जोडणी — एक फोटो काढून दिला तरी बाहेर त्याची किंमत होते.

हे गुंडू मिस्त्री आहेत, असं एक मन म्हणतंय. म्हणून काय झालं, असं दुसरं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

प्रियदर्शनी मॅडमना कळवलं. नावासकट.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मॅडम स्वतः आल्या. मिस्त्रींना तीन तास बसवून ठेवलं, फोन काढून घेतला. सम्राट सर हात जोडून म्हणत होते, "मिस्त्री, काय ते सांगून टाका की! माझं वर्कशॉप बंद पडंल." मिस्त्रींचं एकच — "उघडलं म्या. चोरलं काय न्हाय. जे करायचं ते करा."

किल्ली काढून घेतली. सोमवारपासून गेटच्या आत यायचं नाही. तीस तारखेचा निरोप समारंभ रद्द. फेट्याची ऑर्डर सरांनीच फोन करून रद्द केली, माझ्यासमोर.

जाताना माझ्या टेबलाशी थांबले. वाटलं, आता शिव्या देणार. म्हणाले, "तिकडं थंडी असती म्हणं. स्वेटर घेऊन जा."

असं कोण बोलतं? मला तर यातही डाव दिसला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बेंगळुरूला पेटी उघडून तार न् तार तपासली. काहीच सापडलं नाही. आत काही चिकटवलेलं नाही, काही कमी नाही. मिस्त्रींच्या फोनमध्ये नातवाचे फोटो आणि भजनं. मॅडम म्हणाल्या, "तरीही उघडलं हे खरं. अशा माणसाला जवळ ठेवता येत नाही. तू बरोबर केलंस."

काहीच सापडलं नाही म्हणजे काहीतरी गेलं असणार. नाहीतर उघडायचं कशाला?

२२ नोव्हेंबर, शनिवार

व्हिसा आला. अब्बांनी गल्लीत पेढे वाटले. मला एकही गेला नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

भाजी मंडईत तानाबाई भेटल्या, मिस्त्रींच्या बायको. तोंड फिरवणार होते, पण त्यांनीच हाक मारली. म्हटलं, चला, आता भर मंडईत तमाशा. तर म्हणतात, "बाई, घरात कुणी तुजं नाव काढलं की ह्ये अंगावर येत्यात बघ. पोरगं म्हणलं, त्या मुजावरच्या पोरीनं घात केला, तर ह्ये जेवत्या ताटावरनं उठलं. म्हणलं, तिनं तिचं काम केलं, तिला बोलायचं न्हाय."

"मग ते खरं का सांगत नाहीत?" मी विचारलं.

"मला तरी कुठं सांगत्यात? दिसभर भिताडाकडं बघत बसत्यात."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी मेथीची जुडी घेऊन निघून आले. रिक्षात बसल्यावर माझ्याही डोळ्यांत आलं, आणि स्वतःचा राग आला. दोषी माणसाची बायकोही रडतेच. रडण्यावरून काही सिद्ध होत नाही.

पण ज्यानं चोरी केली तो पकडून देणाऱ्याची बाजू का घेईल? हे मात्र कुठंच बसत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमना फाईलसाठी झाकण लावण्याआधीचे ते अकरा फोटो हवे होते. पाठवण्याआधी एकेक मोठा करून बघितला. सातव्यात, तारांच्या मागे, स्टीलची एक बारीक रेघ. फट मोजायचं पातं. माझं. मीच आत विसरले होते! वर गेल्यावर ते तारांत अडकलं असतं आणि सगळा उपग्रह मेला असता. ड्रॉवर उघडून पाती मोजली. बाराच्या बारा जागेवर आहेत, पुसून ठेवलेली. सोमवारी मिस्त्रींना इथं अकराच दिसली असणार.

परक्यांवर नजर ठेवायला बसले होते मी. आणि ज्यानं माझं जाणं वाचवलं त्यालाच गेटबाहेर काढलं.

फोटो मॅडमना पाठवला. खाली लिहिलं — पातं माझं आहे, मिस्त्रींनी ते काढलं. लगेच फोन आला. म्हणाल्या, "नुजहत, आता तुला पाठवता येणार नाही. हा फोटो दिला नसतास तर कुणालाच कळलं नसतं."

म्हटलं, "एकाला कळलेलं होतं, मॅडम."