जाण्यायेण्याचं तिकीट

ता. २ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर आईचा विषय काढला की तुझ्या चष्म्याच्या दुकानात हटकून गिऱ्हाईक येतं, म्हणून पत्र लिहिते आहे.

आई काल पोचली. पोचली म्हणजे तुझ्या त्या सवलतीच्या बसने तिला शहराबाहेर उड्डाणपुलाखाली उतरवून दिलं. ती बस आत येतच नाही. मी रिक्षा करून गेले तर बाईसाहेब भर उन्हात स्वतःच्या पिशवीवर बसलेल्या, आणि अंग नुसतं फणफणलेलं! कधीपासून ताप आहे विचारलं, तर परवापासून, पण तिकीट होतं ना, असं म्हणाली.

दादा, तापलेल्या आईला बसमध्ये बसवताना तुझे हात कसे धजले? तेही अगदी मागच्या, चाकावरच्या सीटवर. वाटेत थांबा एकच, म्हणून तिने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. चार दिवसांनी पाठवली असतीस तर आभाळ कोसळणार होतं का? पण नाही! जाण्यायेण्याचं एकदम काढलं की निम्म्यात पडतं आणि मग तारीख बदलता येत नाही. बाबा गेल्यावर आईने आळीपाळीने दोघांकडे राहायचं, हे आपण ठरवलं. ती तुझ्याकडे यायच्या आधीच तिच्या परत जाण्याची तारीख पक्की करायची, हे कुणी ठरवलं?

वहिनीला नमस्कार. लोभ आहे, पण तो वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर ठरेल.

तुझी,
ठकू

ता. ७ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. आ.

पत्र पोचलं. दुकानात उघडलं आणि कान लाल झाले. तुझा आवाज कागदावरही तेवढाच चढतो.

चुकलो. तिला ताप अंगावर काढू द्यायला नको होता. आईनेच काही होत नाही म्हणून सांगितलं आणि मी ऐकलं, कारण मला ते ऐकायचंच होतं. पण मला शहाणपण शिकवणाऱ्या बाईंना एक विचारतो. या बसची सवलत मला शोधून कुणी दिली? आणि आई तुझ्याकडे पोचायच्या आधीच तिचं वीस तारखेचं, माझ्याकडचं पुढचं जाण्यायेण्याचं तिकीट काढून मोकळं कोण झालं? मुलीच्या परीक्षेला खोली रिकामी हवी म्हणून तूच ना? मला तारीख कळवलीस, तेव्हा आईला विचारलं होतंस का? मग माझ्या नावाने बोटं कशाला मोडतेस?

आईच्या औषधाचं बघ. राग निवळला की लिही, नाही निवळला तरी लिही.

तुझा,
दादा

ता. १२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्याशी बोलण्यात अर्थच नाही. माझ्याकडे दोनच खोल्या आहेत आणि पोरीचं दहावीचं वर्ष आहे. तुझ्याकडे वहिनीचे माहेरचे आले की महिना महिना राहतात, तेव्हा खोल्या बऱ्या सापडतात! माझी मजबुरी आणि तुझा निगरगट्टपणा एकाच तागडीत तोलू नकोस.

आईचा ताप उतरला आहे. खोकला आहे थोडा, पण तिकीट वीस तारखेचंच आहे, तेव्हा ती येईल. दुपारी तुमच्या गावाबाहेरच्या उड्डाणपुलाखाली वेळेवर उभा राहा. या खेपेला मी पुढची सीट घेतली आहे, हे लक्षात असू दे.

रागावलेली,
ठकू

ता. २४ फेब्रुवारी

चि. दादास आणि चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मजकूर एकच आहे, दोघांना एकेक प्रत पाठवते. वीस तारखेला दादा पुलाखाली ताटकळला, त्याचं मला वाईट वाटलं. फोनवर मी सुखरूप असल्याचं तेवढं सांगितलं, कारण फोनवर तुम्ही दोघं मला बोलूच देत नाही.

बस जेवायला थांबते, त्या गावात मी उतरले आणि परत चढले नाही. क्लीनरने हाका मारल्या, हॉर्न वाजवला, शेवटी माझी पिशवी खाली ठेवून गेला. थांब्यासमोर शाळेचे गणवेश शिवायचं दुकान आहे. आत जाऊन विचारलं, तर शाळा सुरू होण्याआधी त्यांना माणसं हवीच होती. मालकिणीने माझ्याकडून एक कॉलर लावून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. दुकानावरची खोली मिळाली आहे. खिडकी रस्त्यावर उघडते. खोकला गेला.

दादाचं पत्र ठकूच्या टेबलावर उघडंच पडलं होतं, ते मी वाचलं. इतके दिवस मला वाटायचं, पोरं माझ्यावरून भांडतात म्हणजे माया आहे. आता कळलं, दुसऱ्याने ठेवून घ्यावं म्हणून भांडता. ज्या आईने शिलाईच्या मशीनवर पाय मारून तुम्हाला शिकवलं, तिला पार्सलसारखी फिरवलीत. मला राग आला आहे आणि तो लवकर जाणार नाही. समजूत काढायला येऊ नका.

एरवी भेटायला जरूर या. दोघांनाही रस्ता सारखाच पडतो. आणि येताना जाण्यायेण्याचं तिकीट एकदमच काढा. स्वस्त पडतं, आणि तुम्ही कधी जाणार ते मला आधीच कळेल.

नातीला परीक्षेसाठी आशीर्वाद.

तुमची,
आई